यंत्राचा आराखडा आणि कामगाराचा शब्द



वसंत व्याख्यानमालेचे व्यासपीठ हे विद्वानांचे व्यासपीठ आहे. मी दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस. पुढे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात परिभाषेची चूक आढळली तर ती आपण पोटात घालावी. विचाराची चूक आढळली तर मात्र भर सभेत दाखवावी, एवढीच विनंती आहे.

आजचा विषय पत्रिकेवर वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठले. म्हणाले, "भाऊ, कॉम्प्युटरवर यंत्रांचे आराखडे करणारे लोक राहतात पुण्याले. कापसाच्या अन् सोयाबीनच्या गावात त्याचं काय काम हाय?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराला मी आपल्या शकुंतलेपासून सुरुवात करतो.

मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ या अरुंद रुळांवरून धावणारी ती गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले होते आणि ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले. सत्तर वर्षे! ज्या माणसाने मँचेस्टरला त्या इंजिनाचे ड्रॉइंग काढले, त्याने वऱ्हाडातला वैशाख कधी पाहिला नव्हता. आणि ज्या फिटरांनी, फायरमननी ते इंजिन इकडे सत्तर वर्षे चालते ठेवले, त्यांना ड्रॉइंग काढणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते. दोघांच्या मध्ये समुद्र होता. आज विज्ञानाने तो समुद्र आटवला आहे. पुण्यातला अभियंता, जर्मनीतला अभियंता आणि बंगळूरचा अभियंता एकाच वेळी एकच यंत्र पडद्यावर पाहू शकतात, फिरवू शकतात, उघडू शकतात. मग करणारा आणि आखणारा यांची भेट आता होते काय? मला आज एवढ्याच प्रश्नावर बोलावयाचे आहे, कारण माझ्या मते उत्पादकतेचे सारे मर्म त्यात आहे.

प्रथम जुनी पद्धत सांगतो. १९८८ साली मी पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात लागलो. काम काय, तर ड्रॉइंग ऑफिसात प्रिंट काढणे. मोठे उतरते टेबल, त्यावर ड्राफ्टर, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि त्यावर ओणवे झालेले ड्राफ्ट्समन. चूक झाली की ब्लेडने शाई खरडावयाची. ते ट्रेसिंग मी यंत्रातून काढी. अमोनियाच्या वासाने डोळे झोंबत. मग प्रिंटची सुरळी काखेत मारून मी शॉपमध्ये जात असे.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तीत काढणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्याचे नाव आणि मंजूर करणाऱ्याचे नाव असते. तिघांच्या सह्या असतात. जो माणूस ती वस्तू प्रत्यक्ष करणार, त्याच्यासाठी मात्र त्या चौकटीत जागा नसते. हे मला त्या वेळी खटकले नाही. न खटकण्याचे एक कारण होते. मी सुरळी घेऊन गेलो की दारव्ह्याकडचे एक वयस्क फिटर ती बाकावर पसरीत, चष्मा कपाळावर चढवीत आणि म्हणत, "अबे, बोल्ट तं आत जाईन, पन पाना कुठून जाईन?" आणि तांबड्या पेन्सिलीने एक फुली मारीत. मी ती फुली घेऊन परत वर जात असे. वरचे साहेब आधी चिडत, मग पाहत, मग खरडत. अशा रीतीने ड्रॉइंग ऑफिस आणि शॉप यांच्यातले सहकार्य एका पोराच्या पायांवर चालले होते. ते कोणत्याही नियमात नव्हते, कोणत्याही पगारपत्रकात नव्हते. पण ते होते.

नंतर संगणक आला. जगाच्या दृष्टीने तो फार आधी आला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलंड या तरुणाने १९६३ साली प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघा काढून दाखविल्या. १९८२ साली ऑटोकॅड निघाले आणि छोट्या यंत्रावरही ड्रॉइंग काढता येऊ लागले. आमच्या कारखान्यात १९९६ च्या सुमारास टेबले गेली. ट्रेसरचे काम तर मुळापासून नाहीसे झाले. त्या लोकांचे काय झाले हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज मी तो बाजूस ठेवतो, विसरत नाही.

नव्या पद्धतीचे गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. पूर्वी कागदावर वस्तूच्या तीन बाजू काढीत आणि चौथी माणसाने मनात उभी करावयाची असे. आता सबंध वस्तूच पडद्यावर उभी राहते. एक भाग दुसऱ्यात घुसत असेल तर यंत्र लगेच दाखविते. याहून मोठी गोष्ट अशी की पन्नास माणसे एकाच वस्तूवर काम करू शकतात. त्यांचा गोंधळ कसा होत नाही? आपण सारे शेतीवाडीवाले आहोत, म्हणून सातबाऱ्याचे उदाहरण देतो. सातबारा कोणालाही पाहता येतो. पण त्यावरचे नाव कोणालाही बदलता येत नाही. फेरफाराची नोंद व्हावी लागते, ती प्रमाणित व्हावी लागते, मग बदल होतो, आणि कोणी केव्हा बदलले ते कायम राहते. संगणकावरील आराखड्याचे दप्तर नेमके असेच असते. एक भाग एकाच्या नावे असतो. त्याने तो दुरुस्तीसाठी उघडला की इतरांना तो कुलूपबंद होतो. इतरांना काही सुचले तर त्यांनी बदलाचा अर्ज करावयाचा.

पद्धत चोख आहे. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाचे काय हाल होत, ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. शेत तो कसतो. दप्तरात तो नसतो. ही गोष्ट मनात ठेवून पुढे चला.

आता सहकार्याने काम किती वाढते, याचा हिशेब करू. सामान्य समज असा की एका माणसाचे काम दहा माणसे दहापट करतील. कापूस वेचण्यात हे बरेचसे खरे आहे, आराखड्यात नाही. तेथे प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलावे लागते. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात; दहा माणसांत ४५; पन्नास माणसांत १,२२५. फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन गृहस्थांनी आयबीएम कंपनीत एका प्रचंड संगणकीय कामाचा कारभार पाहिला आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते काम आणखी उशिरा होते.

याचाच दुसरा दाखला आपल्या शेजारचा आहे. डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे. अमेरिकेने भारताला महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा संगणक तयार झाला. त्यात एक अवाढव्य मेंदू नव्हता. अनेक लहान मेंदू जोडून त्यांच्याकडून एकच काम वाटून घेतले होते. अशा वाटणीलाही मर्यादा असते, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखविले होते. कामाचा दहावा हिस्सा जर वाटता येण्याजोगा नसेल, तर तुम्ही हजार मेंदू जोडा, वेग दहापटीच्या वर जाणार नाही. म्हणजे यंत्रालासुद्धा सहकार्य फुकट मिळत नाही. माणसाला ते कसे मिळेल?

यावर कारखानदार मला म्हणतील, "अहो, तुम्हीच आमची बाजू मांडली! म्हणून तर आम्ही कामगारांना चर्चेत घेत नाही. जितकी तोंडे तितका खोळंबा." थांबा. खोळंबा टाळावयाचा तर तोंडे कमी करावीत हे मान्य. पण कोणती कमी करावीत? दोन विमानांच्या कथा सांगतो.

बोइंग कंपनीने १९९० साली ७७७ हे विमान करावयास घेतले. ते सबंध संगणकावर आखले गेले. कंपनीने २३८ पथके केली आणि प्रत्येक पथकात आखणारा, कारखान्यात जोडणारा, हत्यारे करणारा, माल खरेदी करणारा अशी माणसे एकत्र बसविली. विमान घेणाऱ्या कंपन्यांची माणसेही बोलावली. दुरुस्ती करणाऱ्याचा हात कोठवर पोहोचेल हे पाहण्यासाठी संगणकात एक आभासी माणूस विमानाच्या पोटात फिरविला. मागाहून कराव्या लागणाऱ्या बदलांचे आणि पुनःपुन्हा करण्याचे काम निम्म्यावर आणावे, असे त्यांचे उद्दिष्ट होते आणि ते त्यांनी गाठले. १२ जून १९९४ रोजी विमान उडाले.

दुसरी कथा एअरबसच्या ए-३८० ची. तेही संगणकावरच, आणि वर्षांनी नंतरचे, म्हणजे साधने अधिक चांगली. त्या एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. जर्मनीतील हॅम्बर्गच्या अभियंत्यांपाशी आराखड्याच्या कार्यक्रमाची जुनी आवृत्ती होती, फ्रान्समधील तुलूझच्या अभियंत्यांपाशी नवी. दोन दप्तरे एकमेकांशी नीट बोलेनात. हॅम्बर्गहून तयार झालेले वायरींचे जुडगे तुलूझला बसवावयास घेतले, तर वायरी आखूड पडल्या! २००६ साली कंपनीला उशिराची कबुली द्यावी लागली. वेळापत्रक सुमारे दोन वर्षे कोलमडले, आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती गेले. वेगवान यंत्रे दोन्हीकडे होती. फरक पडला तो योग्य माणूस योग्य वेळी टेबलापाशी होता की नव्हता, याने.

आपल्या महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला आहे. सुमंत मुळगावकर यांच्या काळात टेल्कोने १९६६ साली पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र काढले. त्याच केंद्रातून पुढे इंडिका ही गाडी निघाली. बाह्यरूप इटलीतील तुरीनच्या संस्थेच्या साहाय्याने, उत्पादनाची बरीचशी यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद कारखान्यातून सोडवून आणलेली, आणि सारे जुळविणारी माणसे पुण्याची. ३० डिसेंबर १९९८ रोजी ती बाजारात आली. पहिल्या गाड्यांविषयी गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, त्या ऐकून सुधारणा झाल्या आणि २००१ साली दुसरी आवृत्ती निघाली. यात मी कोणाला नावे ठेवीत नाही. उलट मला त्यात असे दिसते की वापरणाऱ्याचा शब्द शेवटी ऐकावाच लागतो. आधी ऐकला तर तो पेन्सिलीच्या किमतीत पडतो. नंतर ऐकला तर साच्यांच्या आणि यंत्रांच्या किमतीत पडतो.

आणि तोही ऐकला नाही, तर तो कशाच्या किमतीत पडतो, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

२००४ सालची गोष्ट आहे. मी तोवर संघटनेचा पूर्ण वेळ कार्यकर्ता झालो होतो. आमच्या भागातील एका कारखान्यात माल वाहून नेणारा एक साखळीचा कन्व्हेयर बसविला गेला. कारखान्याचे नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, असे कारखाने पुष्कळ आहेत. आराखडा संगणकावर केलेला. पडद्यावर पाहिला तर एकही भाग दुसऱ्याला लागत नव्हता. साखळीच्या चाकावर नियमाप्रमाणे पत्र्याचा गार्ड होता. चूक एकच होती: बेअरिंगला ग्रीस भरण्याचा निप्पल गार्डच्या आत राहिला होता. ग्रीस भरावयाचे तर चार बोल्ट काढून गार्ड उतरवावा लागे, आणि तेवढा वेळ लाइन बंद. उत्पादनाच्या धामधुमीत लाइन बंद करावयास कोण देतो? दोन आठवडे गार्ड निघाला आणि बसला. तिसऱ्या आठवड्यात तो निघाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. महिन्याच्या आत एका हेल्परची उजव्या हाताची दोन बोटे त्या चाकात गेली. पोरगा वाशीमकडचा होता, वय एकवीस.

चौकशी झाली. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे आले. आम्ही भांडलो, भरपाई मिळविली, फाटकावर सभा घेतली. त्या सभेत मी फार आवेशाने बोललो.

पुढे दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी. ज्या मुलाने तो भाग आखला, तो अमरावतीकडचा होता आणि नुकताच डिप्लोमा होऊन कंत्राटावर लागला होता. तो इस्पितळात आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मला म्हणाला, "दादा, निप्पल आत राहतोय असं मला वाटलं होतं. पण गार्डचा भाग दुसऱ्याच्या नावावर लॉक होता. बदलाचा अर्ज टाकला असता तर तो दिवस माझ्या नावावर उशीर म्हणून लागला असता. दिवसाला किती ड्रॉइंग पुरी केली यावर आमची मुदत वाढते." पाहा मंडळी! पन्नास जणांनी मिळून काम करावे म्हणून केलेले दप्तर. आणि मोजदाद प्रत्येकाची निराळी. मग ज्याला शंका आली तो गप्प बसणार नाही तर काय करणार?

दुसरी गोष्ट सांगावयास मला आजही जड जाते. त्या अपघाताच्या सात महिने आधी आराखडा विभागाने संघटनेला पत्र लिहिले होते: कन्व्हेयरचा आराखडा पाहण्यासाठी शॉपमधील दोन माणसे, त्यांत एक ऑइलमन, अर्धा दिवस पाठवावी. आम्ही नकार कळविला. आमची कारणे अशी: त्या अर्ध्या दिवसाचा उत्पादन-बोनस बुडणार होता, तो कंपनी भरून देत नव्हती, आणि आपले डोके घेऊन उद्या आपलीच माणसे कमी करतील अशी आम्हांला धास्ती होती. धास्ती अगदीच खोटी नव्हती. ट्रेसरांचे काय झाले ते आम्ही पाहिले होते. तरीही नकाराच्या त्या पत्रावर सही माझी होती. तो ऑइलमन मला नंतर म्हणाला, "हातभर तांब्याची नळी लावून निप्पल बाहेर घ्यायला लावला असता मी. दोन मिनिटांचं सांगणं होतं." मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही.

बंधूंनो, उत्पादकतेवर मी अनेक व्याख्याने ऐकली आहेत. त्यांत ताशी नग किती, दिवसाला ड्रॉइंग किती, असे हिशेब असतात. त्या कन्व्हेयरचे ड्रॉइंग वेळेत पुरे झाले होते. त्या हिशेबाने तो आराखडा उत्तम ठरतो. हेल्परची दोन बोटे, लाइनचे बंद पडलेले दिवस, भरपाई, पुन्हा केलेला गार्ड, आणि त्या डिप्लोमाच्या मुलाची गेलेली झोप, यांपैकी काहीही त्या हिशेबात येत नाही. जो हिशेब अर्ध्या वाटेवर थांबतो त्याला मी उत्पादकता म्हणावयास तयार नाही.

आणि ही गोष्ट कारखान्यापुरती नाही. आपल्या शिवारात मळणीयंत्रात हात गेलेली माणसे कोणाला ठाऊक नाहीत? हे प्रमाण इतके झाले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पेंढी आत सारताना बाईचा हात किती आत जातो, हे कोणत्याही मजूर बाईने एका वाक्यात सांगितले असते. तिला कोणी विचारले नाही. आपल्या जिनिंगमध्ये जुना जीन-फिटर रूळ आणि सुरी यांच्यामधली फट आवाजावरून ओळखतो. नवे जिन येते तेव्हा त्याला बोलावणे येते ते यंत्र बसल्यावर, बिघडल्यावर.

मग करावे काय? बाहेरच्या कामगार चळवळींनी या प्रश्नाला कसे तोंड दिले ते थोडक्यात सांगतो. नॉर्वेमध्ये १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथील लोखंड व धातू कामगारांच्या संघाने क्रिस्टेन न्यूगोर या नामांकित संगणकशास्त्रज्ञाला बरोबर घेतले आणि संगणक समजून घेण्यासाठी कामगारांचीच अभ्यासमंडळे चालविली. त्यातून १९७५ साली मालक आणि कामगार यांच्यात देशव्यापी करार झाला: नवी संगणकयंत्रणा येण्यापूर्वी कामगारांना माहिती मिळेल आणि त्यांचे म्हणणे ऐकले जाईल. स्वीडनमध्ये १९८१ पासून छापखान्यातील कामगारांच्या संघाने संशोधकांबरोबर बसून पान लावण्याची संगणकयंत्रणा आखली. यंत्र हाती नव्हते तेव्हा लाकडाचे आणि पुठ्ठ्याचे खोटे यंत्र मांडून त्यांनी काम करून पाहिले, कारण जुळारी शब्दांत सांगू शकत नव्हता ते हाताने दाखवू शकत होता.

इंग्लंडमध्ये ल्यूकस एरोस्पेस या कंपनीत माईक कूली नावाचे आराखडा अभियंता होते. ड्राफ्ट्समनांच्या संघटनेचे ते पुढारी. तेथील कामगारांनी १९७६ साली, माणसे कमी करण्याऐवजी काय काय बनविता येईल, याची सुमारे दीडशे वस्तूंची योजना मांडली. ती योजना कंपनीने नाकारली, आणि १९८१ साली कूलींनाही काढून टाकले. त्यांनी १९८० साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच प्रश्न आहे, माणूस वास्तुकार की मधमाशी? संगणकाच्या वेगाने आखणाऱ्याला पळवू लागलात आणि कारागिराच्या हातातले शहाणपण आराखड्यातून वगळलेत, तर दोघांचीही मधमाशी होईल, हा त्यांचा इशारा होता.

आणि बोइंगची जी कथा मी सांगितली तिचा उत्तरार्धही ऐका. १९९५ साली, म्हणजे ७७७ सेवेत आले त्याच वर्षी, तेथील यंत्रकामगारांना ६९ दिवस संप करावा लागला. पुढे २००० साली तर तेथील अभियंते आणि तंत्रज्ञच ४० दिवस संपावर गेले. म्हणजे टेबलापाशी खुर्ची मिळाली म्हणून ताटात वाटा मिळतोच असे नाही, आणि पडद्यासमोर बसणारा अभियंताही कामगारच असतो. पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात या विचाराला कायद्याचा आधार नवा नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात शंभर कामगारांच्या कारखान्यात कार्यसमितीची तरतूद होती. १९७६ साली राज्यघटनेत कलम ४३-क आले आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरले. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. परंतु या समित्यांपुढे यंत्र येते ते बसविल्यानंतर. मला ते पडद्यावर असतानाच समोर हवे आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या तिन्ही साध्या आहेत. पहिली, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत चौथा रकाना असावा: यंत्र चालविणाऱ्याने किंवा त्याची देखभाल करणाऱ्याने 'पाहिले' अशी सही करावी, आणि त्याची शंका मिटेपर्यंत मंजुरी होऊ नये. सगळ्यांना बोलवा असे मी म्हणत नाही. ब्रुक्ससाहेबांचा हिशेब मला मान्य आहे. ज्याचा हात तेथे जाणार आहे तो एक माणूस बोलवा, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला. दुसरी, तो वेळ पगारी असावा, त्याचा बोनस बुडू नये, आणि त्याच्या सूचनेमुळे कोणाची नोकरी जाणार नाही असे लेखी असावे. तिसरी, आखणाऱ्याचे माप दिवसाला किती ड्रॉइंग याने न घेता, शॉपमध्ये गेल्यावर किती परत आली याने घ्यावे, आणि तेही पथकाचे, एकेकट्याचे नव्हे. शंका काढणाऱ्याच्या नावावर उशीर लागता कामा नये.

एक मागणी मात्र मालकांकडे नाही, ती आमच्याकडे, म्हणजे संघटनांकडे आहे. "हे आमचे काम नव्हे" हे वाक्य आपण सोडले पाहिजे. मी ते लिहून दिले होते आणि त्याची किंमत माझ्या बोटांनी भरली नाही. २००५ साली आम्ही त्याच कारखान्यात करार केला: नव्या यंत्राचा आराखडा दोन कामगारांना पडद्यावर दाखवावयाचा, पगारी वेळेत. पहिल्या बैठकीला तो ऑइलमन गेला. अर्धा तास तो काहीच बोलला नाही. पडद्यावर यंत्र गरगर फिरत होते, त्याला घेरी आल्यासारखे झाले. मग अमरावतीच्या त्या मुलाने माउस बाजूला ठेवला आणि त्याला विचारले, "काका, तुम्ही ग्रीसची गन घेऊन कुठून येता?" तेव्हा तो उठला, भिंतीशी गेला आणि कसे वाकावे लागते ते करून दाखविले. त्या दिवशी तीन बदल झाले. किती रुपये वाचले ते मला सांगता येणार नाही. त्या यंत्रावर मी तेथे असेपर्यंत गार्ड भिंतीला टेकलेला पाहिला नाही, एवढे सांगू शकतो.

आपल्यापैकी कोणी जिनिंगचे मालक असतील, कोणी मळणीयंत्र घेणारे शेतकरी असतील, कोणाची मुले पुण्यात पडद्यासमोर बसत असतील. पुढल्या वेळी यंत्र घेताना विक्रेत्याला किंमत आणि वेग विचाराल, त्याबरोबर हेही विचारा की हे आखताना चालविणाऱ्या कोणाला बोलावले होते काय. मुले सुट्टीत घरी आली की त्यांना एकदा जिनिंगमध्ये न्या आणि जुन्या फिटरपाशी तासभर बसवा. ते त्यांच्या शिक्षणाबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.